मुंजाची केस

धनगरवाडी, पो. ताडकळस, जि. परभणी
१५ फेब्रुवारी १९८७

सित्या,

वाजवली रे बाबा, वाजवली. आन मेंढरं बुजली न्हाईत, माणसं बुजली. ताडकळसच्या बाजारात आश्रुबाच्या हाटेलात टेप हाय, तिथं लावली तुपली कॅसेट. आश्रुबाला वाटलं पट्टी गुतली. चापट्या मारून बघितल्या त्यानं टेपला. मी म्हणलं, मारू नको, मपल्या भाच्याचा आवाज हाय त्यो. तर म्हणतो कसा, "कासाबाई, भाच्याला विंचू चावलाय का?" चहा पिणारे दोघं बशी अर्धी टाकून उठले.

पण एक सांगू? बाकीची तीन पोरं डुकरं कापल्यावानी वरडायलीत खरं, पण खालून जो ढोल वाजायलाय तो मी वळखला. तो मुंबईचा न्हाई. तुझा बाप खंडोबाच्या जत्रंत असाच वाजवायचा, कातड्याला शिव्या दिल्यावानी. मपला भाऊ जाऊन दहा वर्सं झाली, आन आश्रुबाच्या हाटेलात त्याचे हात ऐकले. डोळ्यात पाणी आलं तर आश्रुबाला म्हणलं, तुझ्या चुलीचा धूर लागला.

आता हे पंक का फंक काय आसतंय ते उलगडून लिव. फोटो बघितला. केसाचा कोंबड्यावानी तुरा कामून केलास? आन कानात टाचणी? आमी मेंढराच्या कानाला बिल्ला मारतो ते मेंढरू पाय झाडतंय, तू तुपल्या हातानं मारून घेतलास. तुझा धाकला भाऊ मुंजा फोटो बघून म्हणला, आत्या, दादाला कुणी बाजारात इकायला काढलंय का?

मुंजा मजेत हाय. त्याचं जमवलं. सोनपेठकडची पारू. वैशाखात लगीन. पोरगी नाकाडोळ्यानं बरी हाय, बोलायला मपल्यापेक्षा तिखट. मुंजा आतापासूनच घोंगडी झटकून निजायलाय.

भगवानरावानं दिवाळीला परदेशी मेंढा आणलाय ते तुला कळलंच असंल. पांढराफेक, शिंगं न्हाईत, तोंडावर निस्ती लोकर, डोळे दिसंनात. सायबाच्या कुत्र्यावानी पंख्याखाली बांधलाय. आपल्या मेंढ्या त्याच्याकडून गाभण गेल्यात. आता भगवानराव म्हणतो, गावातले सगळे काळे मेंढे ठेचून खच्ची करा, निस्तं ह्याच एकाचं बी चालू द्या. जात सुधारायची म्हण. चावडीपुढं सगळ्या गावादेखत बोलला. मी म्हणलं, "मालक, मंग बाप्यांची पण जात सुधारा की. तुमच्या घरापासून सुरवात करू." सगळे हसले. भगवानराव हसला न्हाई.

पाऊस मागच्या साली झाला न्हाई. हिरी आटल्या. त्याची एकच हीर ओली हाय आन तिच्यावर जाळी टाकून कुलूप लावलंय.

तुझी आत्या,
कासाबाई


मुंबई
१ मार्च १९८७

आत्या,

आश्रुबाला सांग, विंचू न्हाई, उंदीर चावलाय.

मी औषधाच्या कारखान्यात पिंजरे धुतो एवढंच तुला म्हाईत हाय. पिंजऱ्यात काय हाय ते लिवलं नव्हतं. उंदरं हायत. अंगावर एक केस न्हाई, गुलाबी, नुकत्या जन्मल्या लेकरावानी. ती तशी झाली न्हाईत, तशी काढलीत. गाठ यावी म्हणून एक जात, आंधळी व्हावी म्हणून एक जात. जसा हुकूम तसं जनावर. सायेब लोक त्याला उंदीर म्हणत न्हाईत, 'माल' म्हणतात. काम सरलं की मान मोडायची. मानेवर पेन्सिल दाबून धरायची आन शेपटी धरून वढायची. ते मपलं काम हाय. रात्री भाकर मोडतानी पण बोटाला तोच कट्ट आवाज येतो.

कारखान्याच्या भिताडाला लागून कॉलेज हाय. त्याच्या तळघरात ही पोरं वाजवायची. बड्या घरची हायत. मी जेवणाच्या सुट्टीत दाराशी बसून डब्यावर ठेका धरायचो. त्यांच्या ढोलवाल्याचा मारामारीत हात मोडला, तर नेल्सन म्हणला, तू बस. नेल्सन म्हणजे गाणारा. बँडचं नाव मटन मार्केट.

पंक म्हणजे काय इचारतीस, तर गाता आलंच पायजे असं न्हाई. राग आला पायजे. तीन सूर, दोन मिनटं, आन जो आपल्याला इकायलाय त्याच्या तोंडावर थुकायचं. मी नेल्सनला उंदराचं सांगितलं तर त्यानं हातातली बिडी विझवली. मंग म्हणला, भायेरच्या देशात आता बीजातला धागा कापून दुसऱ्याचा धागा जोडायलेत. आज उंदीर हाय, उद्या माणूस. ज्याच्या हातात पैसा तो म्हणणार, मला असले गडी पायजेत आन तसले नकोत. त्याच्यावर त्यानं इंग्रजीत गाणं केलं, मी मराठीत केलं. तू ऐकलंस पण तुला शबुद कळले नसतील. असे हायत:

तोंड नको, पोट नको,
पाठ तेवढी रुंद करा.
बाटलीतनं काढा गडी,
कानात त्याच्या बिल्ला मारा.
भाव बोला, भाव बोला,
हाताचा काय, रक्ताचा काय?
आईला त्याच्या इचारू नका,
आई म्हणजे मशीन हाय.

मागच्या शनवारी हे म्हणताना कुणीतरी बाटली फेकली. नेल्सनचं कपाळ फुटलं. त्यानं रक्त हातावर घेतलं, मपल्या ढोलाच्या कातड्यावर पुसलं आन म्हणला, वाजव. मी वाजवलं. पुढच्या लोकाच्या अंगावर शिंतोडे उडायलेत, ते नाचायलेत. एका पोराचा दात माझ्या पायाशी येऊन पडला. आत्या, खोटं बोलत न्हाई, मला गावाकडल्यावानी वाटलं.

म्हणून सांगतो, मेंढे ठेचू देऊ नको. भगवानराव आन आमचा सायेब एकच हाय. एकानं पँट घातली, एकानं धोतर. त्याला एकदा ठरवू दिलं की कुणाचं बी चालंल आन कुणाचं न्हाई, तर तो जनावरावर थांबत नसतो.

मुंजाला सांग, मला कुणी इकायला काढलं न्हाई. पारूला फोटो दावू नको, लगीन मोडंल.

सिताराम


धनगरवाडी
२ एप्रिल १९८७

सित्या,

तुझं पत्र येऊन पडलं त्याच दिशी मेंढे ठेचले. टपालवाला एका वाटंनं आला आन भगवानरावाची माणसं दुसऱ्या.

सकाळीच आले. सहाजण, दोर आन दांडकी घेऊन. आपुन पण ठेचतो, पण आपुन एकाएकाला मांडीवर घेतो, हळद लावतो, कानात नाव घेतो. ह्यांनी वाघरीत, अरे आपल्या कुंपणाच्या जाळ्यात, सगळे एकदम गुतवले आन दोन दांडक्यात धरून चेचत सुटले. आपल्या थोरल्या मेंढ्याला, काळ्याला, दोघांनी धरलं. तो वरडला न्हाई, दात खाल्ले त्यानं, दाताचा आवाज आला. मुंजा आडवा पडला तर त्याच्या पाठीत कुऱ्हाडीचा दांडा घातला. मी एकाच्या मनगटाला चावले. अशी चावले की तोंडात त्याचं कातडं आलं. आता तो मला बघितलं की हात पाठीमागं नेतो. मपला नवरा गेल्यापासून बाप्याला तोंड लावलं नव्हतं, लावलं ते असल्या कामाला.

काळ्या चौथ्या दिशी मेला. सुजला, त्यात माशा बसल्या. तू म्हणतोस तसं त्याला हुकमानं मारलं न्हाई, निस्कामी करून सोडून दिलं. मेला ते त्याच्या मनानं.

तुझं गाणं मुंजाला वाचून दावलं. त्यानं त्याला आपली चाल लावली. मेंढरांच्या वाड्यावर रात्री डबा वाजवून म्हणतो. "भाव बोला" म्हणलं की कुत्री पण मान वर करतात. आश्रुबा म्हणतो, ह्या चालीत बरं लागतंय, विंचू उतरला म्हणायचा.

मंग पाण्याचे हाल झाले. पूर्णेच्या पात्रात झिरे खांदले, वाटीवाटीनं पाणी निघायचं. मेंढ्या एकमेकीचं मूत चाटायल्या. गाभण मेंढ्या बसल्या की उठंनात. दोन कावळ्यांनी जिवंतपणी फोडल्या, डोळ्यापासून. मी दगडं मारून मारून खांदा उतरवून घेतला. पण देवाची करणी बघ, मागच्या हप्त्यात हिरीचं कुलूप उघडलं. आपला कळप रोज पितो. भगवानरावाला दया आली म्हण.

मुंजा जरा आडवा हाय. लिंबाचा पाला पाडताना फांदीवरून पडला. जांघंत लागलंय. काळजी करू नको. पारूचा बाप बघायला आलता, मी म्हणलं, नवरदेव लग्नाआधीच दमलाय, तुमच्या लेकीला सांगा सबुरीनं घे.

तू केस काप. लग्नाला असला तुरा घेऊन आलास तर भगवानरावाचा मेंढा तुझ्या मागं लागंल.

आत्या


मुंबई
२१ एप्रिल १९८७

आत्या,

तू चावलीस ते मी सगळ्या पोरांला वाचून दावलं. नेल्सन म्हणला, आपल्या बँडची मालकीण तीच पायजे. तुझ्या नावाचं एक गाणं होणार हाय.

पण मुंजा झाडावरून पडला, हे कसं? तो मला चालायच्या आधी झाडावर चढलेला आठवतो. आन भगवानरावाला दया? त्याच्या हिरीवर चिमणी बसली तरी तो तिचा बाप कोण इचारतो. मी लय इचार केला. मला वाटतं तू चावलीस म्हणून तो भ्याला. गावात बोभाटा झाला असंल, बाया हसल्या असतील, म्हणून कुलूप काढलं. तसं असंल तर आणखी एकदोघांना चाव.

हिकडचं सांगतो. एका हालमध्ये मोठा कारेक्रम झाला. नेल्सन म्हणला, तू घोंगडी पांघरून बस, उघड्या अंगावर. मी म्हणलं, कामून? गरमी हाय. तर म्हणला, लोकाला कळू दे तू कुठला. मी बसलो. वाजवलं. लोक खुर्च्या तोडायलेत, तेच्या पट्ट्या एकमेकाला घालायलेत. संपल्यावर कॅसेटवाला आला, जाडा, अत्तराचा वास येणारा. त्यानं मपल्याशी बोलायच्या आधी मपला दंड दाबून बघितला. मंग पाठ. मंग नेल्सनला इचारतो, "हा माल कुठून आणला?"

त्योच शबुद, आत्या. मपल्याच कारखान्यातला.

मी हातातली काठी त्याच्या नाकावर घातली. हाड गेलं, रक्ताची पिचकारी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. त्याची माणसं मपल्यावर पडली. नेल्सन मधी आला, त्यानं मार खाल्ला मपल्यासाठी, ते मी नाकारत न्हाई. पण वरडताना काय म्हणला? "हात लावू नका, तो आमचा हाय." रात्रभर मला तेच टोचत हाय. मपल्या दोन बरगड्या गेल्यात, त्या तेवढ्या टोचत न्हाईत.

मुंजाला म्हणावं, दोन वळी मला लिव. त्याचं अक्षर बघितल्याबिगर मला झाडाचं खरं वाटायचं न्हाई.

सिताराम


धनगरवाडी
२५ मे १९८७

सित्या,

मुंजा लिवणार न्हाई. त्याचे हात मोडलेत.

धीरानं वाच. तुला एकेक सांगते.

आधी मेंढ्या व्याल्या. परदेशी मेंढ्याची कोकरं लय मोठी, डोकं मोठं, आपल्या मेंढ्या बारक्या. निघंनातच. मी कोपरापर्यंत हात घातले. कोकरू बाहेर काढायचं तर मेंढी फाटायची, मेंढी वाचवायची तर आतच तुकडे करायचे. बाभळीखाली रक्ताचा चिखल झाला. जी कोकरं जगली ती पांढरी, थोराड, उन्हात उभी ऱ्हाईनात, सावली धरून धापा टाकायली. भगवानराव बघायला आला आन म्हणला, "सुधारणेत थोडी घट येणारच."

आता मुंजाचं. तो झाडावरून पडला न्हाई.

मार्चात गावाजवळ शिबिर भरलं होतं. लेकरं होऊ नयेत म्हणून बाप्यांना कापायचं शिबिर. कापलेल्या बाप्याला 'केस' म्हणतात. माणूस म्हणत न्हाईत. मार्च सरायच्या आत केसा भरायच्या होत्या. ज्याच्या केसा जास्ती त्याच्यावर वरचा सायेब खूष, आन भगवानरावाला दुसऱ्या हिरीची मंजुरी पायजे होती. त्याची जीप वाड्यावाड्यावर फिरली. मुंजाच्या जांघंत वझं उचलून गाठ आली होती, तुला म्हाईत हाय. गाठ काढायची म्हणून त्याला नेलं. गाठ हाय तिथंच हाय. बाकीचं कापलं. येताना हातात पत्र्याची बादली दिली.

त्याला काहीच कळलं नव्हतं. हळदीला आठ दिस ऱ्हायले तव्हा तो बाजारात गेला. तिथं शिबिरातला एक जण भेटला, चार लेकराचा बाप, मोकळ्या मनाचा. म्हणला, "काय रे मुंजा, आपुन दोघं एकाच सुरीचे भाऊ. मपली चार झाली तव्हा गेलो. तुझी किती?" मुंजा हसला म्हण. लोक सांगतात, हसला आन तसाच उभा ऱ्हायला. मंग घरला आला, मपल्याकडं बघितलं, कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली आन गेला.

मेंढा पंख्याखाली बसला होता. पहिला घाव लोकरीत गुतला. दुसरा गुतला. तो मेंढा मरणार कसा, एवढी लोकर. मंग मुंजानं कुऱ्हाड टाकून इळा घेतला आन त्याच्या छातीवर बसून मान चिरली, भाकरीचं पीठ मळल्यावानी पुढं-मागं. मुंडकं नेऊन भगवानरावाच्या दारात ठेवलं, तोंड घराकडं करून. कुणावर हात उगारला न्हाई. तिथंच बसला आन तुझं गाणं म्हणायला लागला, "भाव बोला".

सहाजण आले. मी चावले तो पण होता. मुंजाचे दोनी हात हिरीच्या काठावर धरले आन पहार घातली. एक एक बोट. मला दोघींनी धरून ठेवलं होतं. तो वरडला न्हाई, काळ्यावानी दात खाल्ले. भगवानराव म्हणला, "माणूस हाय म्हणून जिता सोडला. मेंढा असता तर खाटकाला दिला असता."

पारूच्या बापानं लगीन मोडलं. पोरगी म्हणली होती मी येते, तर तिच्या तोंडात मारली.

हाताला कामट्या बांधल्यात. मी घास भरवायला जाते तर तो तोंड फिरवतो. मपल्या हातचं खाईना. आश्रुबाची बायको येऊन भरवते. दुखण्यानं चिडलाय.

तू येऊ नको. इथं येऊन काय करणार हायस? ढोल वाजवणार?

आत्या


मुंबई
८ जून १९८७

आत्या,

दोन महिने तू मला झाडाच्या गोष्टी सांगितल्यास. ते नंतर बघू.

तुझं पत्र खिशात घेऊन कामावर गेलो. पहिला उंदीर हातात घेतला, मानेवर पेन्सिल ठेवली आन हात चालंना. मंग चालला. सगळे पिंजरे उपडे केले. काचंच्या बाटल्या, भांडी, सायबाचं टेबल, जे दिसलं ते लोखंडी गजानं फोडलं. सायबानं मपली कॉलर धरली तर त्याला मी उंदरं मारायच्या टेबलावर आडवा टाकला आन मानेवर पेन्सिल ठेवली. वढलं न्हाई. त्यानं धोतरात, म्हणजे पँटीत केलं. मी पळालो. आता नेल्सनच्या तळघरात निजतो. निजत होतो.

त्याला मुंजाचं सांगितलं. तो रडला, खरं रडला. मंग डोळे पुसले, वही घेतली आन म्हणला, "हे लय भारी गाणं होईल. नाव देऊ, मुंजा." आत्या, त्याला पण केसच पायजे होती. मी झांज काढून त्याच्या तोंडावर घातली. व्हट फाटला. मटन मार्केटातला मपला गाळा बंद.

आता ध्यान देऊन वाच. मी दवाखान्यातल्या एका कंपाउंडरला गाठलं. सध्या त्याच्याच खोलीवर निजतो, पत्ता पाकिटावर हाय. तो म्हणला, कुवाऱ्या पोराला कुणी डाक्टर कापत न्हाई. बायको लागते, दोन लेकरं लागतात, आन घरचं माणूस संगं लागतं, ते बोलतं, सही करतं. म्हणजे कुणीतरी मुंजाच्या घरचं होऊन गेलं. डाक्टरापुढं उभं ऱ्हाऊन खोटं बोललं. हे भगवानरावाबिगर दुसऱ्याचं डोकं न्हाई. त्यानंच कुणाला तरी भाऊ न्हाईतर चुलता करून उभं केलं.

कोयता घेतलाय. धार लावून घेतली. मनमाडला गाडी बदलून आमुशाला पूर्णेच्या ठेसनात उतरतो. भगवानरावाची मान माझ्याकडं लागली, ती मी दुसऱ्या कुणाला सोडत न्हाई. आन तो जो कोण घरचा होऊन बोलला, त्याचं नाव मी भगवानरावाकडून आधी काढून घेणार. मंग त्याची जीभ. मला फाशी झाली तर होऊ दे.

मुंजाला सांग, दादा यायलाय.

सिताराम


धनगरवाडी
१७ जून १९८७

सित्या,

हे टपालात टाकत न्हाई. आश्रुबाचा जावई मुंबईत दुखणाईत हाय, आश्रुबा उद्या पूर्णेला गाडीत बसतो, त्याच्या हातात देते. त्याला म्हणलं, पोराच्या हातात दे, आन तो वाचून होईपर्यंत उंबऱ्यात बसून ऱ्हा. जाऊ देऊ नको.

तुझा कोयता बघितला न्हाई, पण तुझी धार कुणाला लागणार ते मला दिसायलंय. भगवानराव वरच्या माडीवर निजतो आता, जिन्यात दोन माणसं निजतात. तू पहिल्या पायरीवर पडशील. पडला न्हाईस तर फासावर जाशील. आन कशाला, तर एक नाव काढायला. ते नाव मीच सांगते, कोयता तिथंच ठेव.

मेंढ्या मरायल्या होत्या. कावळ्यांनी फोडलेल्या दोन मी लिवल्या, त्याच्या पुढच्या लिवल्या न्हाईत. मी भगवानरावाच्या दारात गेले. पाणी दे म्हणलं. तो पान खात होता. म्हणला, "कासाबाई, चावडीवर लय तोंड चालवलंस. बाप्याची जात सुधारा म्हणलीस. बस, सुधारू. एक केस दे, पाणी घे." मी म्हणलं, मपली घे. कापून टाक. तर हसला, "रांडमुंड बाईची केस होत नसती. मुंजा हाय की."

मी घरला आले. एक रात्र गेली. सकाळी आणखी एक मेंढी उताणी पडलेली. मी मुंजाला म्हणलं, चल, तुपली गाठ काढून आणू.

त्याला घेऊन मी गेले, सित्या. जीपमध्ये त्याच्या शेजारी बसले. तो म्हणला, आत्या, दुखंल का? मी म्हणलं, लग्नात ह्याच्यापेक्षा जास्ती दुखतं. तो हसला.

शिबिरात सायबानं इचारलं, बाई, तुमी कोण? मी म्हणलं, आई. इचारलं, ह्याला बायको हाय का? म्हणलं, हाय, नाव कोंडा, माहेरी गेलीय. इचारलं, लेकरं? म्हणलं, दोन. सायबानं कलम उचललं आन म्हणला, नावं सांगा. मुंजा भायेर रांगंत बसला होता, त्याला ऐकू गेलं नसंल. मी नावं सांगितली. थोरला उमाजी, धाकला सटवाजी. सायेब लिवायला लागला. माझ्या डोळ्यापुढं ती दोनी लेकरं उभी ऱ्हायली बघ, शेंबडी, नागडी. मी सही केली. शाळंत चौथीला मपलं अक्षर पहिलं होतं.

मुंजाला बाजारातच सगळं कळलं, त्याला कुणी नेलं ते पण. म्हणून कुऱ्हाड उचलायच्या आधी त्यानं मपल्याकडं बघितलं. मला वाटलं पहिली मपल्यावरच घालतोय. मी मान खाली केली होती. त्यानं घातली न्हाई. अजून कुणाला बोलला न्हाई. म्हणून मपल्या हातचं खात न्हाई, दुखण्यानं न्हाई.

भगवानराव हरामी हाय, त्याला तुझं गाणं लागू हाय. पण तो निस्ता भाव बोलला. इकलं मी.

तू म्हणशील, आत्याला फसवलं असंल, गाठीचंच ऑपरेशन वाटलं असंल, नंतर जोडून देतो म्हणले असतील. गावातल्या बाया मला तेच म्हणायला सांगतात. तसं न्हाई, सित्या. मला कुणी फसवलं न्हाई. मला सगळं म्हाईत होतं.

कासाबाई